रोबोट नुसताच वळला!

फरशीवर खडूने आखलेले चौकोन, त्यावर बाणांची बटणं असलेला एक छोटा रोबोट आणि शेजारी पालथी पडलेली माझी साडेपाच वर्षांची भाची. रोबोटला बाहुलीपर्यंत न्यायचं होतं. तिने बटणं दाबली: पुढे, पुढे, उजवीकडे. रोबोट दोन घरं गेला, जागच्या जागी वळला आणि थांबला.

"मावशी, हा नुसताच वळला!"

तिच्या लेखी 'उजवीकडे' म्हणजे उजवीकडे जाणं. रोबोटच्या लेखी फक्त तोंड फिरवणं. मी रोबोट झाले असते, तर तिच्या मनातलं ओळखून एक पाऊल पुढे टाकलं असतं. आपण मोठी माणसं नकळत असा अंदाज बांधतोच. यंत्र बांधत नाही, आणि म्हणूनच प्रोग्रॅमिंगची, म्हणजे यंत्राला आज्ञा देण्याची, ओळख करून देणाऱ्या या खेळात यंत्र हवं. सांगितलेलं आणि मनातलं यांत फरक असतो, हे तिला त्या क्षणी दिसलं.

पुढची पंचाईत मोठी होती. रोबोट तिच्याकडे तोंड करून येऊ लागला, की तिचं डावं-उजवं उलटं होई. दोनदा चुकल्यावर ती उठली, रोबोटच्या मागे जाऊन त्याच्याच दिशेला तोंड करून उभी राहिली आणि स्वतः वळून बघितलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ सेमूर पॅपर्ट यांचं म्हणणं नेमकं हेच होतं. 1967 मध्ये वॉली फोयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासोबत त्यांनी मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली. पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर फिरणारं यांत्रिक कासव आलं. अडलात तर स्वतः कासव व्हा आणि चालून बघा, असं ते मुलांना सांगत. सत्तरच्या दशकात रेडिया पर्लमन यांनी, अजून वाचताही न येणाऱ्या मुलांना हे कासव चालवता यावं म्हणून बटणांची पेटी आणि खाचेत सरकवायची कार्डं बनवली. (याच बाई पुढे संगणकांच्या नेटवर्कमधल्या मूलभूत कामासाठी जगभर ओळखल्या गेल्या.) म्हणजे लहान मुलांना असं प्रोग्रॅमिंग शिकवण्याचं खूळ कालपरवाचं नाही.

मग थेट टॅबलेटच का देऊ नये? स्क्रीनवर चूक फार स्वस्त असते म्हणून. मूल विचार न करता टिचक्या मारत राहतं आणि कधीतरी चांदणी मिळतेच. बटणं दाबण्याआधी बेत ठरवायची बाणांची पुठ्ठ्याची कार्डं मात्र एकेक उचलून मांडावी लागतात. सगळा बेत समोर पसरलेला असतो, दोन मुलं बोट ठेवून "इथे चुकलंय" म्हणून भांडू शकतात.

आणि कार्डं संपतात! हे मला फार मोलाचं वाटतं. भाचीला सात वेळा पुढे जायचं होतं आणि 'पुढे'ची कार्डं होती पाचच. रडवेली झाली. थोड्या वेळाने एका कार्डाशेजारी खडूने सात रेघा ओढल्या आणि म्हणाली, "हे एवढ्या वेळा." प्रोग्रॅमिंगमधलं लूप, म्हणजे एकच आज्ञा ठरावीक वेळा पुन्हा करायला लावणं, ते दुसरं काय असतं? स्क्रीनवर आज्ञांचे ठोकळे कधी संपत नाहीत, त्यामुळे ही गरजच पडली नसती.

स्क्रीनला माझा विरोध नाही. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी 2014 मध्ये आलेलं स्क्रॅचज्युनिअर हे ॲप मला मनापासून आवडतं. त्यातल्या ठोकळ्यांना अक्षरओळख लागत नाही आणि जमिनीवर न जमणाऱ्या गोष्टी तिथे जमतात: दोन पात्रं एकाच वेळी हलवणं, एकाने दुसऱ्याला निरोप पाठवणं. फक्त ती पायरी नंतरची असावी. पाचव्या वर्षी ॲप बनवायला शिकवण्याच्या जाहिरातींचा मला राग येतो, तो ही पायरी गाळतात म्हणून.

पालकांनो, एक कळकळीची विनंती. रोबोट भलतीकडे गेला की हात मागे बांधून बसा. "तो कुठपर्यंत बरोबर गेला?" एवढंच विचारा. चुकलेलं कार्ड तुम्ही बदललंत, तर खेळातला सगळ्यात चांगला भाग तुम्हीच खेळलात.

काल भाचीने तिच्या दादाला रोबोट केलं होतं. "उजवीकडे वळ," ती म्हणाली. तो वळून चालायला लागला. ती ओरडलीच, "थांब! मी फक्त वळ म्हटलंय. चाल कुठे म्हटलंय अजून?"