‘दोन महिन्यांत झिरो हलला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

कोल्हापुरातल्या आमच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानाला तुम्ही दिलेला एक स्टारचा अभिप्राय वाचला. तक्रारी चार आहेत. बारा बोअरच्या पंप ॲक्शन बंदुकीवर आम्ही बसवलेल्या रेड डॉटचा (काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटचा) झिरो, म्हणजे नेम आणि बार एका जागी यायची जुळणी, दोन महिन्यांत हलला. डॉट गोल दिसत नाही, शेपूट फुटल्यासारखा दिसतो, म्हणून माल डुप्लिकेट. दुकानातच नेम लावून द्या म्हटलं तर आम्ही नाही म्हणालो. आणि दोन्ही खेपेला परवाना बघितल्याशिवाय बंदुकीला हात लावला नाही.

आजऱ्याहून पदरमोड करून यायचं आणि तरी बार भलतीकडेच जायचा, यात चीड येणं साहजिक आहे. पण ‘गळ्यात मारलं’ असं तुम्ही चारचौघांत लिहिलंय, तर उत्तरही चारचौघांतच देतो. चंदगड, भुदरगड, राधानगरीकडून पीक संरक्षणाच्या बंदुका घेऊन येणारी मंडळीही हेच विचारतात, त्यांच्याही कामाला येईल.

बंदूक परत आली तेव्हा काय दिसलं ते आधी सांगतो. साइट बसवून झाली की आम्ही प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बेसपर्यंत, म्हणजे साइटखालच्या पट्टीपर्यंत, पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढतो. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. तुमच्या बंदुकीवर चारपैकी दोन रेघा तुटलेल्या होत्या. एका स्क्रूच्या खाचेचे कोपरे गोल झाले होते, म्हणजे मापात न बसणारी ॲलन की घालून कुणीतरी जोर केला होता. दुसऱ्याच्या आट्यांवर आमच्या निळ्या थ्रेडलॉकरऐवजी (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा पांढरा चुरा होता. काउंटरवर भिंग देऊन हे तुम्हाला दाखवलं, तुम्ही ते बघितलं. हा गोंद पक्का धरतो पण ठिसूळ असतो, बंदुकीच्या धक्क्याला तो टिकत नाही. थ्रेडलॉकर धक्का सोसतो, मात्र आटे आधी तेलाचा अंशही न ठेवता पुसावे लागतात आणि नंतर पूर्ण धरायला त्याला 24 तास द्यावे लागतात. पावती करून बंदूक एक रात्र आमच्याकडे राहू द्या असं आम्ही म्हणतो ते त्यासाठीच. तुम्हाला घाई होती, तरी पहिल्या वेळी तुम्ही ठेवलीत, आणि त्या रेघा तेव्हा शाबूत होत्या.

कुणी हात घातला ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. फक्त एवढ्याशा सैलपणाने काय होतं ते बघा. बेस साधारण 10 सेंटिमीटर लांब असतो. त्याचं एक टोक एक दशांश मिलिमीटरने, म्हणजे केसाच्या जाडीइतकं उचललं गेलं, तर 50 मीटरवर 5 सेंटिमीटरचा फरक पडतो. दोन दशांशाला 10 सेंटिमीटर. हे डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. त्यात बारा बोअरचा धक्का. एक औंसाची, म्हणजे 28 ग्रॅमची एकेरी गोळी सुटताना खांद्याला बसणारा झटका बंदुकीइतक्याच वजनाच्या .308 रायफलपेक्षा मोठा असतो. खांद्यामागे तुमचं अख्खं शरीर असतं. त्या चार बारीक स्क्रूंच्या मागे काहीच नसतं.

स्क्रू आवळायलाही माप आहे. साइट धरणाऱ्या रिंगच्या स्क्रूंना साधारण दोन न्यूटन-मीटर पुरतात, बेसला थोडे जास्त, आणि आम्ही ते टॉर्कच्या पान्यानेच आवळतो. मनगटाच्या अंदाजाने आवळला तर रिसीव्हर, म्हणजे बंदुकीचा काडतूस भरायचा मधला भाग, ॲल्युमिनियमचा असल्यामुळे आटेच निघून येतात. मग काम उद्यमनगरात लेथवर जातं आणि खर्च साइटच्या वर जातो.

आता नळी. तुमच्या लिहिण्यात तिचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते निम्मा दोष तिथे होता. पंप ॲक्शनची नळी सुटी होते. साइट बसते रिसीव्हरवर, गोळी जाते नळीतून, आणि दोघांना एका रेषेत धरते ती काडतुसं ठेवायच्या मॅगझिन ट्यूबच्या टोकाची टोपी. तुमची टोपी जवळपास एक आटा सैल होती. नळी धरून हलवली की टकटक ऐकू येत होती, आमच्या पोरानेही ऐकली. अशा बंदुकीवर जगातली सगळ्यात महाग साइट बसवली तरी दोन बार एका जागी पडणार नाहीत. साफसफाईला नळी काढलीत की टोपी शेवटपर्यंत आवळायची आणि पुढचे तीन बार कागदावर टाकून खात्री करायची, हे प्रत्येक वेळी.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असंही नाही. अमेरिकेत इलिनॉय, ओहायोसारख्या राज्यांत हरणाच्या शिकारीला वर्षानुवर्षं रायफलऐवजी शॉटगनच वापरावी लागत असे, त्यामुळे शॉटगनवर दुर्बीण लावायची पद्धत तिकडे चांगलीच रुजली. बेस रिसीव्हरवर न ठेवता नळीलाच जोडून मागे काढायचा, म्हणजे नळी हलली तर साइटही तिच्याबरोबर हलेल, हा तोडगा तिकडे सर्रास वापरतात. तुमच्या बंदुकीला तशी नळी मिळती तर पहिल्याच दिवशी मी तीच सुचवली असती.

तिसरी गोष्ट काडतुसांची. तुम्ही झिरो केलात एकेरी गोळीवर, आणि ‘दीड फूट डावीकडे गेला’ म्हणता तो बार एलजीचा, म्हणजे जाड छऱ्याचा होता. झिरो बसतो तो बंदूक आणि काडतूस या जोडीचा. गोळीचं वजन बदललं, वेग बदलला, कंपनी बदलली की बार पडण्याची जागा बदलते. छऱ्याचा तर पसाराच होतो. ढोबळमानाने, चोक (नळीच्या तोंडाशी असलेला अरुंदपणा) नसलेल्या नळीतून 25 मीटरवर तो अर्धा मीटरभर किंवा जास्तही पसरतो. अशा पसाऱ्याचा मध्य आणि एकेरी गोळीचं भोक एकाच जागी येईल असं कुणीही छातीठोकपणे सांगू नये. आणि एकेरी गोळी फुल चोकमधून मारू नका. हे तेव्हाही सांगितलं होतं, इथे पुन्हा लिहितो, कारण हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

झिरो कसा करायचा ते पावतीच्या मागे लिहून दिलं होतं. तो कागद हरवला असेल तर इथेच घ्या. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवा, हातावर तोलून नको. आधी 25 मीटर. एकाच डब्यातली तीन काडतुसं एकाच ठिपक्यावर नेम धरून मारा आणि मधे साइटला बोट लावू नका. तिन्ही भोकांचा मध्य काढा. तो 7 सेंटिमीटर डावीकडे असेल तर साइट उजवीकडे 10 क्लिक. एका मिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) एक क्लिक असलेल्या साइटला 25 मीटरवर एक क्लिक म्हणजे सुमारे 7 मिलिमीटर, 50 मीटरवर त्याच्या दुप्पट. मग पुन्हा तीन. जमलं की 50 मीटरवर जा. तुमच्या साइटची टोपणं उघडली तेव्हा डावं-उजवं जुळवायचा आडवा स्क्रू पार एका टोकाला जाऊन थांबला होता. एक बार, चार क्लिक, पुन्हा एक बार, पुन्हा चार क्लिक, असं झालं की हेच होतं. एका बारात तुमच्या हाताची चूक किती आणि साइटची किती हे कळायला मार्गच नसतो. काडतुसं महाग आहेत, परवान्यावर मोजून मिळतात, त्यामुळे एका बारावर भागवावंसं वाटतं. पण त्या घाईतच जास्त काडतुसं जातात.

डॉटचं शेपूट. यावर तुम्ही ‘डुप्लिकेट’ लिहिलंत, ते मला सगळ्यात जास्त लागलं. डॉट चालू करा, ब्राइटनेस कमी करा आणि मोबाइलचा कॅमेरा साइटच्या काचेमागे धरून फोटो काढा. फोटोत डॉट गोल आला तर साइट ठीक आहे आणि बुबुळाच्या वक्रतेत दोष आहे, ज्याला डोळ्यांचे डॉक्टर ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात. पुष्कळ लोकांना तो असतो आणि रेड डॉटमधून बघेपर्यंत कळतही नाही. दुकानात आमच्या फोनवर काढलेल्या फोटोत तुमचा डॉट गोल होता. चष्म्याच्या दुकानात जाऊन सिलिंडरचा नंबर तपासून घ्या, हे मी मनापासून सांगतोय. रात्री ब्राइटनेस पूर्ण वर ठेवलात तर चांगल्या डोळ्यालाही डॉट फुटलेलाच दिसतो.

दुकानात नेम लावून देत नाही, हे खरं आहे आणि ते तसंच राहील. आमच्याकडे लेझर आहे. तो नळीत घालून साइट जवळपास आणता येते, म्हणजे पहिला बार कागदावर तरी पडतो. त्याला झिरो म्हणून पैसे घेणारे आहेत, आम्ही घेत नाही. ज्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यासारख्या नेमबाज दिल्या, ज्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, तिथे हे वेगळं सांगायला नको. त्या स्पर्धेतही मोजणीचे शॉट सुरू होण्याआधी तयारी आणि साइटिंगसाठी 15 मिनिटं असतात. एवढ्या तयारीचा खेळाडू त्याच दिवशी, त्याच जागी बार टाकून खात्री करून घेतो. टेबलावर लेझर लावून मी तुम्हाला ‘झालं, घेऊन जा’ म्हणालो असतो तर ती खरी फसवणूक झाली असती. आणि बार टाकायचा तो परवानगीच्या जागीच. तुमच्या रानात येऊन मारून दाखवा म्हणालात, त्याला मी पुढेही नाहीच म्हणेन.

परवान्याचं थोडक्यात. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली आम्हाला दुरुस्तीचा परवाना आहे, आणि कुणाची कोणती बंदूक हातात घेतली याची नोंद ठेवावी लागते. तुमचा चेहरा ओळखीचा आहे म्हणून नोंद टळत नाही. अभिप्रायात तुम्ही ‘डुकरं आणि गव्यांसाठी’ असं लिहिलंय, म्हणून आणखी एक. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 प्रमाणे अधिकार दिलेल्या वन अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. रानडुकराच्या बाबतीत पिकाच्या नुकसानीवरून तो मिळू शकतो. गवा पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, पीक खाल्लं म्हणून त्याच्यावर बंदूक उचलता येत नाही. दाजीपूरचं जंगल एके काळी कोल्हापूर संस्थानच्या शिकारीचं होतं, 1958 ला तेच अभयारण्य झालं. ते दिवस गेले, आणि गेले ते बरं झालं असं बंदुकीच्या धंद्यात असूनही माझं मत आहे. तुमचा ऊस आणि भात जातो तेव्हा काय वाटतं ते मला कळतं, त्यासाठी पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा.

एक मत तेव्हाही दिलं होतं. 30 मीटरच्या आत छरा वापरणाऱ्याला नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी पुरते. डॉट घ्यायचा निर्णय तुमचा होता आणि तो चुकीचा नव्हता, संध्याकाळच्या उजेडात डॉट माशीपेक्षा लवकर दिसतो. पण डॉट घेतला की त्याची देखभालही आली. पाठीवरून, मोटरसायकलवरून नेताना बंदूक साइटला धरून उचलायची नाही. पावसाळ्यात कापडी पिशवीत आठवडाभर ओली ठेवायची नाही, भिंगाला बुरशी येते. लाकडी दस्ता पाणी पिऊन फुगतो, मागचा बोल्ट सैल होतो, तोही बघायचा. बटणासारखी बॅटरी हंगाम संपला की काढून ठेवायची, नाहीतर पाझरून आतले कॉन्टॅक्ट खाते.

आता पुढचं. झिजलेला स्क्रू आणि गोंद लागलेला स्क्रू आम्ही काढून नवे घालतो, दोन्ही आटे साफ करून बेस पुन्हा बसवतो, आडवा स्क्रू मध्यावर आणून देतो. स्क्रूंची किंमत तेवढी लागेल, मजुरी नको. सोमवार सोडून कधीही या, परवाना मूळ प्रत आणा, बंदूक रिकामी आणि पिशवीत असू द्या, आणि रात्रभर ठेवायच्या तयारीने या. तुम्ही यापुढे कोणतं काडतूस वापरणार आहात ते मात्र आधी ठरवा, म्हणजे झिरो कशावर करायचा ते त्याच वेळी पावतीवर लिहून देतो.