म्हातारपण वेगळं, मरण वेगळं

नमस्कार,

मरण आणि अमरत्वाबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. रात्री राग आला होता. सकाळपर्यंत त्यातला निम्मा उतरला, म्हणून आता लिहायला बसलोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विज्ञान एक दिवस मरणावर मात करील हा विश्वास आणि देव अमरत्व देईल हा विश्वास, हे दोन्ही मी ‘एकाच माळेचे मणी’ ठरवले, आणि हा विज्ञानावर अन्याय आहे. विज्ञानाने माणसाचं आयुष्य दुपटीने वाढवून दाखवलं, धर्माने एक दिवसही वाढवला नाही. पुढे कधीतरी पुन्हा जिवंत होता येईल या आशेने मेल्यावर देह गोठवून ठेवणाऱ्यांना मी हसलो, पण राख होण्यापेक्षा गोठून राहण्यात निदान थोडी तरी शक्यता उरते. ‘मरणामुळेच जगण्याला अर्थ येतो’ हे माझं वाक्य म्हणजे कोल्ह्याची आंबट द्राक्षं. आणि शेवटचा टोला: “वेळ आली की तुम्हीही डॉक्टरकडेच पळाल.”

द्राक्षांचं आधी मिटवतो, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. लिहिताना ते वाक्य भारदस्त वाटलं होतं. पण उद्या कोणी धडधाकट अशी आणखी पन्नास वर्षं देऊ केली, तर ‘नको हो, अर्थ कमी होईल’ असं मी म्हणणार आहे का? दोन्ही हातांनी घेईन. आणि ज्या आईचं तीन वर्षांचं मूल तापाने गेलं तिच्यासमोर हे वाक्य उच्चारायची माझी छाती होणार नाही. वाक्य मागे घेतो.

आता दुप्पट झालेल्या आयुष्याबद्दल. आकडा खरा आहे. १९०० च्या सुमारास जगाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७३ च्या आसपास आहे. पण तेव्हा माणसं बत्तिसाव्या वर्षी म्हातारी होऊन मरत नव्हती. पाळण्यातली मुलं जात होती, बाळंतिणी जात होत्या, देवी-पटकी-क्षयाने तरणीताठी माणसं जात होती. स्वच्छ पाणी, लसी आणि प्रतिजैविकं यांनी ती वाचवली. पुढे रक्तदाब आणि हृदयविकाराच्या उपचारांनी साठी-सत्तरीतल्यांच्या पदरातही काही वर्षं पडली. याच्याइतकं मोठं काम माणसाने दुसरं कुठलं केलं असेल असं मला वाटत नाही. तरीही ते म्हातारपण थांबवण्याचं काम नव्हतं. अकाली मरण टाळण्याचं होतं.

विम्याचं गणित करणाऱ्या बेंजामिन गोम्पर्ट्झने १८२५ मध्ये दाखवून दिलं की मोठ्या माणसाच्या मरणाचा धोका वयागणिक चक्रवाढीने वाढतो. आजच्या आकडेवारीत तो साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. दोनशे वर्षांत आपण धोक्याच्या या जिन्याच्या पहिल्या पायऱ्या पुष्कळ खाली आणल्या, चढ मात्र जवळपास तसाच राहिला. म्हणून तर उद्या सगळे कर्करोग नाहीसे झाले तरी सरासरी आयुष्यात जेमतेम तीन-चार वर्षांची भर पडेल असे हिशेब निघतात. कर्करोगातून सुटलेला सत्तरीचा माणूस हृदयविकाराच्या किंवा पक्षाघाताच्या रांगेत उभाच असतो. झान काल्माँ ही फ्रेंच बाई १९९७ मध्ये १२२ वर्षांची होऊन वारली. त्यानंतर शंभरी गाठणारे कितीतरी वाढले, पण १२० सुद्धा कोणी ओलांडलेले नाहीत.

याचा अर्थ हा चढ कधीच बदलणार नाही, असा नाही. १९९३ मध्ये सिंथिया केनियन यांनी एका सूक्ष्म कृमीतला एकच जनुक बदलून त्याचं आयुष्य दुप्पट केलं. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं रॅपामायसिन हे औषध सहाशे दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साठीला आलेल्या उंदरांना दिलं, तर तेही जास्त जगले. हे २००९ चं. माणूस त्याने जास्त जगतो हे अजून सिद्ध झालेलं नाही, आणि तेच औषध अवयव-रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला वापरतात, तेव्हा ते फुकटात मिळणारं वरदान नाही. पण दार किलकिलं आहे, हे मी मानतो. मूळ लेखात हे यायला हवं होतं, आलं नाही.

फक्त हे दार म्हातारपणाचं आहे. तुमच्या सबंध प्रतिक्रियेत ‘म्हातारपण’ आणि ‘मरण’ हे शब्द एकमेकांच्या जागी ये-जा करतात (माझ्या लेखातही करत होते, हे नंतर लक्षात आलं), आणि सगळा गोंधळ तिथेच आहे. समजा, म्हातारपण पूर्ण थांबलं. प्रत्येक जण कायमचा दहा वर्षांच्या मुलाइतका निरोगी झाला. श्रीमंत देशांत त्या वयाच्या दहा हजार मुलांमागे वर्षाला साधारण एक दगावतं. त्या दराने अर्धी माणसं सुमारे सात हजार वर्षांत गेलेली असतील. कोणी अपघातात, कोणी पाण्यात बुडून, कोणी एखाद्या नव्या साथीत. सात हजार वर्षं म्हणजे चंगळच, पण मरण तिथेही वाट बघत बसलेलं आहे. प्रयोगशाळेत मोजता येतं ते म्हातारपण. ‘मरणावर विजय’ हे शब्द पांढरा कोट घालून उच्चारले तरी ते प्रवचनातलेच राहतात.

गंमत म्हणजे जुन्या कथाकारांना हा फरक पक्का ठाऊक होता. (पुराणात जनुकशास्त्र होतं असं म्हणत नाहीये, दचकू नका.) ययातीने मुलाकडून तारुण्य घेतलं, त्याला म्हातारपण नको होतं. अश्वत्थाम्याला मरण नाही, जखम मात्र वाहतीच. ग्रीकांच्या पुराणकथेतल्या टिथोनससाठी अमरत्व मागून घेतलं, चिरतारुण्य मागायचं राहून गेलं, आणि तो झिजत झिजत नुसता आवाज उरला. नचिकेत्याची गोष्ट तर या वादासाठीच रचल्यासारखी आहे. यम त्याला हवी तितकी वर्षं देऊ करतो आणि तो म्हणतो, सगळं आयुष्य मिळालं तरी ते थोडंच. मरणानंतर काय, हे मी विचारलं, त्याचं उत्तर दे. म्हणून ‘धर्माने एक दिवसही वाढवला नाही’ हा तुमचा आरोप मला चुकलेल्या पत्त्यावर टाकलेल्या पत्रासारखा वाटतो. त्या वाटेचे लोक दिवस वाढवायला निघालेच नव्हते. त्यांनी जे उत्तर दिलं ते तपासता येत नाही, आणि मला स्वतःला ते पटत नाही. नवस केला की दुखणं पळतं असं सांगणारे मात्र विज्ञानाच्या अंगणात येऊन बोलतात. त्यांना तुम्ही खुशाल झोडपा, मी सोबत आहे.

विज्ञानावर विश्वास म्हणजे काय, यावर आपलं खरं भांडण आहे. अॅलेक्सिस कॅरेल हा नोबेल मिळवलेला माणूस. त्याने १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाच्या पेशी काचपात्रात वाढवायला घेतल्या, आणि त्या ३४ वर्षं टिकल्याचं सांगितलं गेलं. पेशी मुळात अमर असते, हे पाठ्यपुस्तकी सत्य होऊन बसलं. दुसऱ्या कोणाच्या पेशी मेल्या तर दोष त्याच्या हाताचा! १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाची सामान्य पेशी साधारण पन्नास वेळा विभागते आणि थांबते. त्यांचा निबंध एका नामांकित नियतकालिकाने आधी नाकारला होता. कॅरेलच्या पात्रात पोषणरसाबरोबर ताज्या पेशी जात असाव्यात, असं आज मानलं जातं. या गोष्टीत विज्ञान कुठे आहे? माझ्या मते ते हेफ्लिकच्या संशयात आहे. कॅरेलच्या अमर पेशीवर भरवसा ठेवून बसलेली दोन पिढ्यांची हुशार माणसं त्या बाबतीत भाविकच होती. माझा ‘एकाच माळेचे मणी’ हा शेरा त्या भरवशाला उद्देशून होता. तो विज्ञानालाच लागू पडेल असा मी सैल लिहिला, ही माझी चूक.

गोठवण्याबद्दल थोडक्यात. गोठवलेला काही पेशींचा मानवी गर्भ पुन्हा वाढतो, हे खरं. पण या आशेने गोठवलेला पहिला माणूस, जेम्स बेडफर्ड, याचा देह १९६७ पासून गोठलेला आहे, आणि त्याच्यापासून आजवर एकही माणूस परत आलेला नाही. शक्यता कितीही लहान असली तरी शून्याहून मोठी, म्हणून पैज लावावी, हा तुमचा युक्तिवाद फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात देवाच्या बाजूने मांडला होता. तुम्ही देवाच्या जागी बर्फ ठेवलात.

आणि डॉक्टरकडे पळण्याबद्दल. पळेन, नक्की पळेन. वडिलांच्या वेळी पळालोच होतो. मी डॉक्टरांना विचारलं, किती दिवस? त्यांनी पाटीवरचे कागद खाली ठेवले आणि सांगितलं, आठवडा, फार तर दहा दिवस. त्याच संध्याकाळी एका नातेवाइकांनी आईला सांगितलं, आत्मा मरत नसतो. डॉक्टरांच्या वाक्यामुळे मी भावाला वेळेत बोलावू शकलो. दुसऱ्या वाक्याने आई त्या रात्री झोपली. मी जागाच होतो, मला ते वाक्य लागू पडलं नाही. पण तिची झोप खोटी होती असं तिला सांगायला मी गेलो नाही, आणि तुम्हीही गेला नसतात असं वाटतं.

मूळ लेखातलं अर्थाबद्दलचं वाक्य आज काढलं आहे. मण्यांचं ठेवलंय, पण त्यात ‘विज्ञान’च्या जागी ‘विज्ञानाच्या नावाने दिलेली हमी’ असं केलंय. अजूनही खटकत असेल तर पुन्हा लिहा.