रेंज गेली, वजाबाकी आली

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. नेमणुकीच्या आदेशात तरी तसंच लिहिलंय. प्रत्यक्षात मी मतदारयादीचा कारकून, तांदळाचा कोठीवाला, आधारकार्डांचा दुरुस्तीवाला, लावलेल्या झाडांचा फोटोग्राफर आणि लिंक भरणारा इसम आहे. यातून जो वेळ उरतो त्यात शिकवतो. शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मॅडम रजेवर गेल्या की चारही वर्ग माझ्याकडे, मी बीएलओच्या, म्हणजे मतदारयादी सांभाळणाऱ्या बूथ अधिकाऱ्याच्या, कामाला गेलो की चारही मॅडमकडे, आणि दोघांचं प्रशिक्षण एकाच दिवशी निघालं की चारही खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे. सगळ्यात शांत वर्ग मावशींचा असतो.

लग्नाकार्यात शहरातले नातेवाईक भेटतात. ‘सरकारी शाळांचा दर्जा एवढा का हो घसरला?’ असं विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत, कारण त्यांना त्यांचा नातू कोणत्या इंटरनॅशनलमध्ये आहे ते सांगायचं असतं. प्रश्न मात्र खोटा नाही. मुलांना किती लिहिता-वाचता येतं ते तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतली पाचवीची ४४.८ टक्के मुलंच दुसरीचा उतारा वाचू शकली. म्हणजे निम्म्याहून जास्त पाचवीत पोचली, पण वाचन मागेच राहिलं. हा आकडा आम्हालाही टोचतो. तो टोचतोय तोवर मोबाइल वाजतो.

माझ्या मोबाइलवर केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांचा, ग्रुप आहे, तालुक्याचा आहे, पोषण आहाराचा आहे, युडायसचा (शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलचा) आहे, बीएलओंचा आहे, आणि ‘फक्त मुख्याध्यापक’ असाही एक आहे. आमच्यासारख्या छोट्या शाळेला मुख्याध्यापकाचं पद नसतं, नुसता पदभार असतो. तो कोणाकडे आहे हे त्या दिवशी शाळेत कोण आहे यावर ठरतं, म्हणून त्या ग्रुपात आम्ही दोघंही आहोत. संदेश अकरा वाजून पाच मिनिटांनी येतो: ‘सोबतच्या लिंकवर माहिती अकरा वाजेपर्यंत भरावी. अतितात्काळ.’

माहिती कशाचीही असू शकते. आवारातल्या धोकादायक विहिरी. आठवीतल्या सायकलपात्र मुली (शाळा चौथीपर्यंत). नसेल तर गप्प बसून भागत नाही, ‘निरंक’ कळवावं लागतं, सही-शिक्क्यानिशी. मागे एकदा निरंक कळवलं नाही म्हणून नोटीस आली. कळवण्यासारखं काही नव्हतं, असा खुलासा दिला. त्यावर विचारणा झाली की मग तसं का कळवलं नाही.

आधारचं प्रकरण याहून तात्त्विक आहे. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवायला, आधार जुळलेलीच पोरं धरायची, असं मध्यंतरी आलं. आमच्या तिसरीतल्या एका गड्याचं नाव दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं. आडनावात एका काना-मात्रेचा फरक, जन्मतारखेत सहा महिन्यांचा. तो रोज माझ्यासमोर बसतो, शेजाऱ्याचा खोडरबर पळवतो, खिचडी दोनदा घेतो, पण पोर्टलच्या मते तो नाही. नसलेल्या पोराला रोज ‘गप्प बस’ म्हणून ओरडणारा मी बहुधा राज्यातला एकटाच नसेन. बापाला घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर गेलो, तर तिथं पोराच्या बोटांचे ठसे उमटेनात. मातीत खेळून पुसलेत म्हणाले. बाप म्हणाला, ‘गुरुजी, माजंबी उमटत न्हाईत.’

मग खिचडी. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज शंभर ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत, असा हिशेब आहे. हिशेब ठेवणारा मी. पोरांना वाढण्याआधी आम्ही चव घ्यायची आणि चव रजिस्टरात शेरा लिहायचा, असाही नियम आहे. मी रोज ‘चव उत्तम’ लिहितो. एकदा खरंच मीठ कमी होतं म्हणून ‘मीठ किंचित कमी’ असं लिहिलं. पुढच्या तपासणीत साहेबांची नजर नेमकी तिथं पडली. मीठ कमी पडण्याची कारणं, जबाबदारी कोणाची, यापुढे कोणती उपाययोजना, असा तीन मुद्द्यांचा खुलासा निघाला. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘वरनं घ्यावं की सायेब, त्यात काय.’ अहवालात ते वाक्य ‘वाढपाच्या वेळी पूरक मीठ उपलब्ध करून देण्यात आले’ असं गेलं. तेव्हापासून आमच्या खिचडीची चव कायम उत्तम आहे. आणि खिचडी बंद करा असं मी कधी म्हणणार नाही. सोमवारी सकाळी काही पोरं पातेल्याकडे ज्या नजरेनं बघतात, ती बघितली की त्यांना रविवारी काय जेवलात असं विचारायचं धाडस होत नाही. माझं म्हणणं एवढंच की खिचडी पोरांनी खावी आणि तांदळाचे ग्रॅम दुसऱ्या कोणीतरी मोजावेत.

कायदा आमच्या बाजूनं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावू नये. वाचून बरं वाटतं. जनगणना दहा वर्षांनी एकदा, आपत्ती न आलेली बरी. राहिल्या निवडणुका. त्या पाच वर्षांनी येतात असा समज असेल तर बीएलओला भेटा. मतदारयादी वर्षभर जिवंत असते. तिच्यात माणसं मरतात, लग्न होऊन जातात, मुंबईला जातात, परत येतात, आणि दर वेळी फॉर्म घेऊन त्यांच्या दारात मी उभा असतो. गावात कोण कोणत्या मुलाकडे राहतं हे मला तलाठ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिसरीतल्या कोणत्या पोराला सतराचा पाढा येत नाही हे मात्र मला फेब्रुवारीत कळतं.

२०२२ मध्ये ‘आपले गुरुजी’ म्हणून वर्गात शिक्षकाचा ए-फोर आकाराचा फोटो लावायचा आदेश आला. माझाही फोटो फळ्याशेजारी आहे. एकदा तीन दिवस मतदारयादीत घालवून वर्गात आलो तर एक पोरगी फोटोकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत म्हणाली, ‘सर, तुमी फोटोतच जास्त असता.’

‘निपुण भारत’ अभियान २०२१ पासून सुरू आहे. उद्दिष्ट चांगलं आहे: तिसरी संपताना पोरानं मिनिटाला साठ शब्द तरी समजून वाचावेत. मिनिट मोजायला घड्याळ हवं, घड्याळ मोबाइलमध्ये. एकीला वाचायला बसवलं, मोबाइल तिच्यासमोर ठेवला. ती ‘पाऊस’पाशी अडली. तेवढ्यात स्क्रीनवर संदेश उगवला आणि तिनं तो ‘अतितात्काळ’ न अडखळता वाचला. शब्द कानावरून गेला असला की वाचता येतो, हे त्यामागचं शास्त्र.

आता वजाबाकीकडे येतो. बेचाळीस वजा सतरा. माझ्या वर्गात याचं उत्तर पस्तीस होतं. पोरं मूर्ख नाहीत, त्यांचा नियम पक्का आहे: दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवा, पाच. चारातून एक, तीन. झाले पस्तीस. नियम चुकीचा आहे हे फळ्यावर कितीही ओरडून सांगितलं तरी हटत नाही. हातात काहीतरी देऊन दाखवावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. खराट्याच्या काड्या मोडून मी दहा-दहाचे गठ्ठे केले, रबर लावले. बेचाळीस म्हणजे चार गठ्ठे, दोन सुट्या. ‘यातल्या सतरा मला दे.’ पोरगं सुट्या दोन देतं आणि थांबतं. गठ्ठा सोड म्हटलं तर सोडत नाही. ‘सर, मोडल्यावर परत कोन बांदनार?’ या प्रश्नापाशी आम्ही कितीतरी वेळा पोचलो आणि दर वेळी गठ्ठा सुटायच्या आत फोन वाजला. हात धुवा दिनाचे फोटो. जिओटॅगसह, म्हणजे फोटो कुठं काढला त्याच्या नोंदीसह. नळाला पाणी नव्हतं, पोरांनी कोरडे हात चोळले, अपलोड झालं, गठ्ठा तसाच.

मग परतीचा पाऊस आला आणि गावाजवळच्या मोबाइल टॉवरवर वीज पडली.

पहिल्या दिवशी मी अस्वस्थ होतो. दुपारपर्यंत तीनदा पाण्याच्या टाकीवर चढलो, रेंज नव्हती. मॅडम म्हणाल्या, ‘सर, उतरा खाली. आता कोणी विचारलं तर सांगू, टॉवर पडलाय.’ दुसऱ्या दिवशी आम्ही चारही वर्गांची पोरं एकत्र केली आणि इयत्ता विसरून, कोणाला काय येतं ते बघून बसवली. अक्षरं ओळखणारे एकीकडे, शब्द वाचणारे दुसरीकडे, उतारा वाचणारे ओट्यावर, गोष्ट वाचणारे लिंबाखाली. चौथीतले दोघं अक्षरांच्या घोळक्यात आले, पहिलीतली एक चिमुरडी थेट लिंबाखाली गेली. कोणाला लाज वाटली नाही, कारण घोळक्याला इयत्तेचं नाव नव्हतं. यात आमची अक्कल काहीच नाही. ‘प्रथम’ ही १९९५ पासून मुंबईतून काम करणारी संस्था हे वर्षानुवर्षं करत आली आहे, आणि गरिबीवरच्या प्रयोगांसाठी २०१९ चं नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी तिच्या कामाच्या रीतसर चाचण्या घेतल्या आहेत. त्यातली एक गोष्ट मला फार पटते. सरकारी शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन फारसा फरक पडला नव्हता. हरियाणात याच कामासाठी रोजचा एक तास राखून ठेवला, तेव्हा पडला. शिक्षक सरकारीच, फक्त तास त्यांचा.

आमच्याकडे अख्खा दिवस होता. गठ्ठेवाल्या पोराला मी म्हटलं, ‘सोड, मी बांधतो परत.’ त्यानं रबर काढला, दहा काड्या जमिनीवर पसरल्या, आधीच्या दोनांत मिसळल्या, बारातून सात उचलून माझ्याकडे सरकवल्या. मग एक अख्खा गठ्ठा दिला. उरलेल्याकडे बघत राहिला. ‘पंचवीस,’ म्हणाला आणि लगेच वहीतले सगळे पस्तीस स्वतःहून खोडायला बसला. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एक वहिनी पोराचा डबा द्यायला आल्या होत्या, त्याही बसल्या. त्यांना तोंडी हिशेब माझ्याहून चांगला येतो, भाजी विकतात. दोन दिवसांनी त्या आणखी दोघींना घेऊन आल्या. शब्दांच्या घोळक्यातली बरीच पोरं उताऱ्याकडे सरकली. मी मस्टर आणि चव रजिस्टर सोडलं तर काहीही भरलं नाही. चव त्या दिवसांत खरोखर उत्तम होती.

कंपनीची माणसं आली, टॉवर सुरू झाला आणि मोबाइल टेबलावरून थरथरत कडेपर्यंत गेला. राहिलेले संदेश रात्री एक ते चारच्या दरम्यान भरले, कारण पोर्टल तेव्हाच चालतं. त्यातला एक संदेश असा होता: ‘गुणवत्तावाढीसाठी आपल्या शाळेत राबवलेला नावीन्यपूर्ण उपक्रम, फोटोसह, आजच.’

टॉवर पाडणे असं लिहायचा मोह झाला. यादीतून पर्याय निवडायचा होता, त्यात तो नव्हता. ‘इतर’ निवडलं. ‘इतर असल्यास तपशील’ या चौकटीत ‘काड्यांचे गठ्ठे व स्तरानुसार गट’ असं लिहिलं. फोटो नव्हता, कारण त्या दिवसांत फोटो काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. आठवड्यानं उत्तर आलं. काड्या कोणत्या निधीतून खरेदी केल्या, पावती जोडावी. खरेदी नाही, शाळेच्या खराट्याच्या आहेत, असं कळवलं. पुन्हा पत्र: खराटा स्वच्छतेच्या निधीतून घेतलेला असून त्याच्या काड्या शैक्षणिक प्रयोजनासाठी कोणाच्या मंजुरीने वळवल्या, किती वळवल्या, आज रोजी शिल्लक किती, याचा खुलासा सादर करावा.

खुलासा वर्गातच लिहायला घेतला. चौथीतली एकजण मान वाकडी करून वाचत होती. ‘सर, आपण शंभर केल्या होत्या,’ म्हणाली आणि न सांगता कपाटातून गठ्ठे काढून मोजायला बसली. बासष्ट भरल्या. पाटीवर शंभर मांडले, खाली बासष्ट. शून्यातून दोन जाईनात. तिनं दशकाच्या घराकडे पाहिलं, तिथंही शून्य. पेन्सिल तोंडात घालून थोडी थांबली, मग शतकाचा एक खोडला, त्याचे दहा दशक केले, त्यातला एक सोडला. अडतीस.

‘३८ काड्या वापरात खर्ची पडल्या, ६२ शिल्लक,’ असं मी खुलाशात लिहिलं. पाटीचा फोटो काढून जोडला आहे, जिओटॅगसह.