नट-बोल्टचं म्हणे शेवटी बघू!

दरवर्षी तेच. रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबो स्पर्धेची टीम मोटर, बॅटरी, सेन्सर यांवर महिनोन्महिने डोकं लावते आणि नट-बोल्टचा विषय निघाला की "ते शेवटी बघू". मग स्पर्धा तोंडावर आली की कुणीतरी मुंबईच्या हार्डवेअर बाजारात, नागदेवी स्ट्रीटला पळतो आणि मिळेल ते पिशवीभर घेऊन येतो. एकाच रोबोवर एम3, एम4, एम5 (म्हणजे 3, 4, 5 मिमी व्यासाचे), वर कुठूनतरी आलेले इंची स्क्रू!

अरे बाबांनो, एम4 चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 0.7 मिमी असतो. 2 मिमी जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम ट्यूबला टॅप मारलात, म्हणजे भोकात आटे पाडलेत, तर धड तीन आटेसुद्धा मिळत नाहीत. ते धक्क्यांनी उखडणारच. पलीकडून नट लावा, नाहीतर रिव्हेट नट (रिव्हेटसारखा भोकात घट्ट बसणारा नट) बसवा.

आणि गोल शाफ्टवर नुसता ग्रब स्क्रू (चाकाच्या हबमधून शाफ्टवर टेकणारा बिनडोक्याचा स्क्रू) आवळून चाक टिकतं हे कुणी सांगितलं? शाफ्ट एका बाजूने सपाट घासा, नाहीतर की-वे, म्हणजे चावी बसवायची खाच, पाडा. चाक जागच्या जागी, आत शाफ्ट गरागरा फिरतोय आणि पोरं कोडमध्ये चूक शोधतायत! याचा सगळ्यात जास्त संताप येतो.

नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, सैल न होणारा नट) पुन्हा पुन्हा वापरून नायलॉन झिजतं. हाताने फिरायला लागला की टाकून द्या, जपून कशाला ठेवता?

शक्य तिथे एम4 आणि एम5 चेच अ‍ॅलन बोल्ट घ्या. 3 आणि 4 मिमीच्या दोन की पुरतात. मॅचआधी सेटिंगला मिनिटभर मिळतो, तो एम3 साठी अडीचची की शोधण्यात घालवू नका.