पै-पाहुणे कुठले? : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर एका वाचकांनी लिहिलंय, "शाहू महाराजांच्या कोल्हापुरात जात बघून खोली नाकारतात हे पटत नाही. ते मुंबईचं दुखणं. इथं सगळेच मटण खातात, भाडेकरू काय खातो हे कोण विचारतंय? माझी वरची खोली मी कुणालाही देतो."

दादा, मटणाचं खरं आहे, आणि घोळ तिथंच आहे. मुंबईत 'फक्त शाकाहारी' म्हटलं की जात झाकता येते. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात ती सोय नाही, म्हणून इथं सरळच विचारतात : गाव कुठलं, आडनाव काय, पै-पाहुणे कुठले? आडनावावरून उलगडलं नाही तर पाहुण्यांवरून उलगडतंच. माझ्या मित्राचं राजारामपुरीतल्या एका खोलीचं भाडं, डिपॉझिट सगळं ठरलं होतं. चहा पिताना मालकीणबाईंनी मामाचं गाव विचारलं. संध्याकाळी फोन आला, "आमचा पुतण्याच राहायला येतोय." दोन महिन्यांनी बघितलं तर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी तशीच. पुतण्या बहुतेक पायी निघालाय.

आता महाराजांचं. दसरा चौकात उभे राहा आणि बोर्डिंगांच्या पाट्या वाचा. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. एवढ्याशा शहरात जातवार वसतिगृहं कशाला लागली असतील? खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला कुणाच्याही घरात खोली आणि ताट मिळत असतं, तर हा खटाटोप महाराजांनी केलाच नसता. १९१९ मध्ये त्यांनी शाळा, दवाखाने, पाणवठे हुकूम काढून सगळ्यांना खुले केले. पण हुकूम सार्वजनिक जागेवर चालायचा, माडीवरची खोली मालकाचीच राहिली.

पुढंही फार वेगळं घडलं नाही. राज्यघटनेच्या १५व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी आहेत, भाड्याची खोली नाही. अस्पृश्यता पाळून कुणाला घर घेऊ न देणं, राहू न देणं १९५५च्या कायद्यानं गुन्हा आहे खरा, पण फोनवर जात कोण बोलतं? पुतण्याच येतो. आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवायला मोकळीक दिली.

मित्राला शेवटी ओळखीतून खोली मिळाली, आपल्याच माणसांच्या वस्तीत, ऑफिसपासून लांब. त्याच्या वडिलांनाही नोकरीला लागल्यावर तिथंच मिळाली होती.

तुमची वरची खोली रिकामी असेल तर कळवा. मित्राला नंबर देतो.