ट्रायब्युटिरिनवर थांबू नका
लेखात मटणाची चरबी फोडणारे बॅक्टेरिया ओळखायला ट्रायब्युटिरिन ॲगर (ट्रायब्युटिरिन मिसळलेली, बॅक्टेरिया वाढवायची जेली) पुरे असं लिहिलंय, ते पटत नाही सर. मी बेळगावात लॅबमध्येच काम करतो, बॅक्टेरियाच्या कॉलनीभोवती स्वच्छ गोल वलय उठतंय हे खरं, पण ट्रायब्युटिरिन म्हणजे छोट्या साखळीचं फॅट, ते साधं एस्टरेज एन्झाइमसुद्धा फोडतंय, बकऱ्याची चरबी तेवढी सोपी नाही. त्यापेक्षा बॅक्टेरिया घातलेल्या नमुन्याची चरबी वितळवून न्यूट्रल अल्कोहोलात घ्या, फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून दाखवणारं द्रव्य) टाकून सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडा, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबा, किती सोडियम हायड्रॉक्साइड लागलं त्यावरून फ्री फॅटी ॲसिड, म्हणजे चरबी फुटून सुटं झालेलं ॲसिड, किती ते कळतंय. सोबत बॅक्टेरिया न घातलेला नमुना ठेवाच, मांसातली स्वतःची एन्झाइमं पण चरबी फोडतात. आणि आमच्या खानापूर निपाणीकडं फ्रिजवर भरवसा टाकून बसतात त्यांच्यासाठी लिहा हो, स्यूडोमोनास हे मटण नासवणारं बॅक्टेरिया ४ अंश सेल्सिअसलापण वाढतंय!