खुलासा: रोक्रुआत भाले हरले नव्हते

छोट्या सैनिकांच्या प्रतिकृती मांडून जुन्या लढाया खेळणाऱ्यांमध्ये एक दावा फिरतो आहे: १९ मे १६४३ला फ्रान्समधल्या रोक्रुआ इथे फ्रेंच बंदुकांनी स्पॅनिश भालाइतांना संपवलं, म्हणून पटावर स्पॅनिश पायदळाला कमी गुण द्यावेत. हे चूक आहे.

भाले आणि बंदुका दोन्ही सैन्यांकडे होत्या. स्पॅनिश 'तेर्सिओ' ही पायदळाची मोठी तुकडी म्हणजे नुसता भाल्यांचा ठोकळा नव्हे. त्यात बंदूकधारी भरपूर असत. निकाल फिरवला घोडदळाने. फ्रेंच डावी बाजू तर मोडलीच होती. पण उजवीकडे २१ वर्षांच्या फ्रेंच सेनापती ड्यूक ऑफ आंगियँने समोरचं घोडदळ उधळलं आणि तो शत्रूच्या पायदळामागून वळला. एकट्या पडलेल्या स्पॅनिश तुकड्यांनी तरीही एकामागून एक हल्ले परतवले. तोफा आणाव्या लागल्या, आणि शेवटी उरलेल्यांनी अटींवर शरणागती पत्करली. अशा पायदळाला दुबळं ठरवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

फ्रेंचांनीही भाले सोडले ते थेट १७०३च्या सुमारास. तेव्हा गुण कापायचेच असतील तर स्पॅनिश डाव्या बगलेच्या घोडदळाचे कापा.